फारच सरळ रेघ

काल बागेचं पाणी तोडलं. म्हणजे फार काही केलं नाही. ठिबकचा व्हॉल्व्ह बंद केला आणि वरून गोणपाटाचा तुकडा बांधला, कुणी चुकून उघडू नये म्हणून. आता महिना-दीड महिना मोसंबीला थेंब मिळणार नाही. पानं आधी दुपारची मलूल होतील, मग सकाळीही तशीच राहतील, मग पिवळी पडून एकेक करत खाली येतील. शेतीतलं काही न कळणारा पाहुणा या दिवसांत बागेत आला की हमखास विचारतो, रोग पडला का हो? रोग नाही. आंबे बहार, म्हणजे आंब्याच्या मोहराबरोबर येणारी मोसंबीची फुलं, धरायचा तर झाडाला असं तहानेलं ठेवावं लागतं. ताण देणं म्हणतात त्याला. झाड घाबरतं, हातातलं सगळं टाकून देतं, आणि मग पाणी मिळालं की अंगभर फुलतं. निदान फुलावं अशी आपली अपेक्षा असते.

गोणपाटाची गाठ मारून उभी राहिले तर केदारखेडा गावाच्या बाजूने गार वारं आलं आणि तो जुना हिवाळा आठवला. मला आठवणींचे पूर वगैरे येत नाहीत. तो हिवाळा तर मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतो, जाड रबरी हातमोज्यातून वस्तू चाचपाव्यात तसा. आकार कळतो, पण ती गार आहे की गरम ते कळत नाही.

हातमोजे हा माझ्या कामाचाच भाग होता. तेव्हा मी जालन्यातल्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होते. विषय लिथियम धातूच्या बॅटऱ्यांचा. मोबाइलमधली बॅटरी वेगळी. तिच्यातलं लिथियम ग्रॅफाइटच्या घरात गपगुमान राहतं. माझ्या सेलमध्ये ते उघडं, धातू म्हणूनच असायचं. तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त वीज साठते, म्हणून सगळ्यांना ते हवंसं वाटतं आणि कुणाच्याच धाकात नीट राहत नाही. नाण्याएवढा सेल. दोन्ही बाजूंना लिथियमच्या चकत्या, मध्ये पातळ पडदा, आणि तो भिजवायला एक खारा द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट. वीज इकडून तिकडे गेली की लिथियम एका चकतीवरून सुटतं आणि दुसरीवर जाऊन बसतं. पण शहाण्यासारखं पसरून बसत नाही. कुठे ढीग, कुठे खळगा, मधूनच सुईसारखे काटे. ते काटे वाढत वाढत पडद्यातून आरपार जातात आणि सेल आतल्या आत मरतो. त्या द्रवात चिमूटभर काही टाकून हे काटे आवरता येतील का, एवढंच माझं काम. त्या चिमटीला अ‍ॅडिटिव्ह म्हणतात. माझं अ‍ॅडिटिव्ह म्हणजे एक पांढरं नायट्रेटचं मीठ. ते लिथियमच्या अंगावर आधी स्वतः जळतं आणि तिथे एक पातळ थर धरतं, दुधावर साय धरते तसा. थर एकसारखा धरला तर लिथियम त्याच्याखाली नीट पसरतं. फाटका धरला तर जिथे फाटलं तिथून काटा निघतो.

हे सगळं मी एकदा आत्याबाईंना समजावून सांगितलं होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. त्यांनी शेंगा फोडता फोडता सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी तू बी खतच टाकून राह्यली ना?"

"खतच की," माझा नवरा संतोष म्हणाला. तो नवीन जालना भागात एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात कामाला आहे आणि खताचा विषय निघाला की त्याला गप्प बसवत नाही. "आपण मोसंबीवर नायट्रेट फवारतो ना, त्याचाच चुलतभाऊ."

"मंग फुलं कवा येत्यात तिच्या बॅटरीला?"

"फुलं येऊच नयेत म्हणून तर टाकते," मी म्हणाले. त्या इतक्या हसल्या की मांडीवरची टरफलं खाली सांडली. मग मी मोबाइलवर त्या काट्यांचा फोटो दाखवला. सूक्ष्मदर्शकातून काढलेला. आत्याबाईंचं लहानपण मेंढरांमागे गेलेलं. फोटो बघून त्या लगेच म्हणाल्या, "कुसळं हायती ही. लोकरीत शिरत्यात तशी." तेव्हापासून मीही मनातल्या मनात त्यांना कुसळंच म्हणत आले. त्या वेळी मला सहावा महिना होता आणि अंगणात बसायला, हसायला छान वाटत होतं.

त्याच वर्षी अश्विनात माझं बाळ गेलं. आठवा महिना होता. एका दुपारी लक्षात आलं की सकाळपासून पोटात हालचाल नाही. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, परत फिरवलं, आणि मग त्याचा पडदा माझ्याकडून दुसरीकडे वळवला. बाळंतपण व्हायचं ते झालंच, सगळ्या कळांसकट. मुलगी, असं कुणीतरी हळू म्हणालं. माझी मान वळायच्या आत बाळ कापडात गेलं आणि कापड दाराबाहेर. माझी आई परतूरहून आली होती. ती म्हणाली, "बघू नको. बघितलं की मन धरून बसतं." मी बघितलं नाही. आत्याबाई आणि संतोष बाळाला घेऊन गेले. कुठे नेलं, काय केलं, ती कशी दिसत होती, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. त्या अख्ख्या हंगामात माझ्याजवळ तेवढी एकच गोष्ट विचारायची होती. बाकी सगळं मी करत होते. वेळेवर जेवत होते, दूध आटायच्या गोळ्या घेत होते, भेटायला येणाऱ्यांना चहा करत होते.

माणसं येत आणि बरोबर तेवढंच सोडून सगळं बोलत. कपाशीचं, लग्नाचं, राजूरच्या रस्त्याचं. उठताना दारात थांबून म्हणत, "जल्दी दुसरं होऊ द्या, मंग समदं बराबर होतं." बोलणारं माणूस मायेनंच बोलत असे, म्हणून त्यावर चिडता येत नव्हतं. तसं चिडायला काही यायला तरी हवं होतं. मला काही येतच नव्हतं. एका चुलत नणंदेने आत्याबाईंच्या कानाशी लागून विचारलं, त्या कॉलेजातल्या औषधांनी तर झालं नसंल? मी तिसऱ्या महिन्यापासून प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नव्हतं, आणि डॉक्टरीणबाईंनीही तसं काही नाही म्हणून सांगितलं होतं. तरी मी उत्तर दिलं नाही. आत्याबाईच म्हणाल्या, "बिलकुल न्हाई. तिचं काम तिला कळतं." आणि वर, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "लई खंबीर हाय आमची सून. रडली सुदिक न्हाई."

हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की ते माझ्या नावाला लागलेल्या पदवीसारखं झालं.

दिवाळी झाली आणि मी कामावर परत गेले. लवकर गेले असं सगळे म्हणाले. घरी बसून तरी काय करणार होते? कॉलेजच्या मागच्या इमारतीत आमची प्रयोगशाळा. खिडकीतून लांबवर लोखंडाच्या कारखान्यांचा धूर दिसायचा आणि हिवाळ्यात तो सकाळी बराच वेळ एका जागी राहायचा. खोलीच्या मधोमध ग्लोव्हबॉक्स. काचेची मोठी पेटी, आत नुसता आर्गॉन वायू, आणि समोरून आत शिरलेले दोन काळे रबरी हात. लिथियमला हवा सोसत नाही, पाण्याचा अंशही सोसत नाही, म्हणून त्याचं सगळं त्या पेटीत करायचं. आपले हात त्या रबरात घालायचे आणि चिमट्याने चकती उचलायची, ब्रशने तिचा काळवंडलेला पापुद्रा खरवडायचा. खालून चांदी निघते. लिथियम इतकं मऊ असतं की चाकूने लोण्यासारखं कापतं, हे मला माहीत आहे, पण ते हाताला कधी लागलेलं नाही. कुणाच्याच लागत नाही. मग त्यावर द्रवाचा थेंब, पडदा, परत थेंब, दुसरी चकती, वर झाकण, आणि यंत्रात घालून दाबायचं. मला ती पेटी त्या दिवसांत फार आवडायची. तिच्यात हात घातले की मला कुणी हाक मारत नसे.

आता रेघेचं सांगते. सेल तयार झाला की तो यंत्राला जोडून ठेवायचा. वीज थोडा वेळ इकडून तिकडे, थोडा वेळ तिकडून इकडे, असं दिवसच्या दिवस चालतं. लिथियमला हलायला किती जोर द्यावा लागतो ते संगणकावर रेघेने उमटतं. रेघ खालून वर, वरून खाली पायऱ्यांसारखी जाते. अ‍ॅडिटिव्ह नसलेल्या सेलची रेघ सुरुवातीला बरी असते, मग पायऱ्या उंच होत जातात, वाकड्या होतात. थर जाड होतो, सेल धापा टाकतो. माझं मीठ घातलेल्या सेलची रेघही पहिले काही दिवस थोडी चढत होती. मग एका सोमवारी येऊन बघते तर ती खाली आली होती आणि तिथेच सरळ झाली होती. बुटक्या, सारख्या, काटकोनातल्या पायऱ्या. दुसऱ्या दिवशी तशाच. पुढच्या आठवड्यातही तशाच. शेजारचा साधा सेल बंद पडला, हा चालूच.

सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, रोज सकाळी आधी त्या संगणकासमोर यायचे. चहाचा कप तिथेच. "वा. काय सेल आहे!" मग माझ्याकडे वळून, जरा अवघडून, "आणि तू बरी आहेस ना?"

"हो सर."

"तुझं कौतुक वाटतं मला. दुसरं कुणी असतं तर..." ते चहा संपवत. त्यांनी तो आलेख मोठा करून छापून भिंतीवर लावला. परिषदेत दाखवायचा, मग त्याचा पेपर करायचा, आणि त्या पेपरावर माझी थिसिस पुरी व्हायची, असं ठरलं. सरांच्या निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता आणि इतक्या वर्षांत त्यांच्या हाताला असला सेल लागला नव्हता. लहान मुलाला जत्रेतली वस्तू मिळावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. मी तो चेहरा बघून हसायचे. हसणं जमत होतं.

रविवारी आम्ही केदारखेड्याला, सासरच्या गावी जायचो. तेव्हाही बाग ताणावर होती. पायाखाली पानांचा सडा, वरती नुसत्या काड्या आणि त्यांच्यामधून दिसणारं फिकट निळं आभाळ. एरवी बागेत गेलं की मोसंबीच्या सालीचा वास येतो. त्या दिवसांत कोरड्या मातीचाच वास होता. मी वाळलेली पानं पायाने बाजूला करत सरीसरीने फिरायचे. घरात माझ्या पुढच्या बाळंतपणाची ठरवाठरवी चालू असायची. माझ्या समोरच, माझ्या संमतीने. संक्रांत झाली की डॉक्टरीणबाईंना दाखवून घ्यायचं, त्या हो म्हणाल्या की वेळ घालवायचा नाही. संतोषने विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हणाले, "चालेल." आई परतूरहून फोनवर म्हणाली, यावेळी सातव्यातच माहेरी ये. मी म्हणाले, "येईन." माझ्या तोंडून त्या हंगामात कुणाला नाही म्हटलं गेलेलं मला आठवत नाही. सगळ्यांना बरं वाटत होतं. एवढी समजूतदार सून, एवढी समजूतदार मुलगी, एवढा समजूतदार सेल.

मला स्वतःला बरं वाटत होतं का? वाईट वाटत नव्हतं, हे खरं. संध्याकाळी जालन्यातल्या आमच्या खोलीवर आल्यावर मी कधी कधी संतोषकडे बघायचे आणि मनात यायचं, याने तिला उचललं होतं. याच्या हातांना तिचं वजन माहीत आहे. विचारावं असं वाटून तोंड उघडलं की भाजीत मीठ बरोबर आहे का, असलंच काहीतरी बाहेर यायचं. तोही माझ्याकडे बघून काहीतरी गिळायचा आणि म्हणायचा, बराबर आहे. दोघंही जेवायचो.

पौषातली ती सकाळ असेल. सरांनी सांगितलं, परिषदेसाठी त्या चांगल्या सेलच्या रेघेचा एक तुकडा मोठा करून दे, सुरुवातीचा एक आणि आत्ताचा एक, शेजारी शेजारी. मी संगणकावर दोन्ही तुकडे ओढून मोठे केले. सुरुवातीच्या पायऱ्यांना कोपऱ्याशी उंचवटा होता. प्रत्येक पायरी चढताना रेघ जरा अडखळायची, वर जायची, मग बसायची. लिथियमला जुन्या जागेवरून सुटताना आणि नवीन जागी रुजताना जो त्रास होतो तो तो उंचवटा. आत्ताच्या पायऱ्यांना उंचवटा नव्हता. पट्टीने काढल्यासारखा काटकोन. वीज आली की सरळ वर, वीज फिरली की सरळ खाली. कुठेही अडखळणं नाही.

मी मग सेल यंत्रावरून सोडवला आणि दुसऱ्या यंत्राला लावला. हे यंत्र सेलच्या आतला विरोध मोजतं. लिथियमच्या आयनाला, म्हणजे भारित कणाला, थर ओलांडून धातूत शिरायला जो विरोध होतो, तो कागदावर अर्धगोलासारखा उमटतो. सेल ताजा असो, थकलेला असो, लहानमोठा अर्धगोल असतोच. माझ्या सेलला अर्धगोल नव्हता. आडव्या रेषेवर एक ठिपक्यांचा पुंजका, बस.

म्हणजे तो केव्हाच आतून टोचला गेला होता. एखादं बारीक कुसळ पडद्यातून आरपार जाऊन पलीकडे टेकलं होतं. इतकं बारीक की सेल धडकन बंद पडला नाही. वीज त्या काट्यातून येत-जात राहिली. लिथियमला हलावंच लागलं नाही, म्हणून कसला जोर लागत नव्हता आणि रेघ सुंदर दिसत होती. आमच्या कामात ही चूक जुनी आहे. शिकवताना पहिल्या वर्षीच सांगतात, फार सरळ रेघ आली तर आनंद करू नका. आम्ही सगळ्यांनी आनंद केला होता.

सरांना सांगायला गेले तेव्हा ते प्रश्नपत्रिका काढत होते. मी दोन कागद पुढे ठेवले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"पण बंद नाही पडला ना तो?"

"पूर्ण शॉर्ट नाही झाला सर. आतून धागा जोडला गेलाय. वीज तिथूनच जाऊन राहिली. सेल काही करतच नाहीये."

"कधीपासून?"

"तो सोमवार. रेघ खाली आली तेव्हापासूनच."

ते मग उठले, प्रयोगशाळेत आले आणि भिंतीवरचा आलेख चारी कोपऱ्यांच्या टाचण्या काढून, न फाडता, गुंडाळून ठेवला. "आपण बघितलं नसतं तर परिषदेत कुणीतरी बघितलं असतं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "इतके दिवस मी रोज बघत होतो गं." त्यांचा आवाज जरा चिरका झाला होता. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. कित्येक महिन्यांत मला कशाबद्दल तरी वाईट वाटण्याची ती पहिली वेळ.

दुपारी पेटीत हात घालून मी तो सेल उघडला. चकत्या पडद्याला चिकटल्या होत्या. चिमट्याने सोडवताना लिथियमचा काळा, शेवाळासारखा चुरा सुटत होता. वरून सेलला एक ओरखडा नव्हता.

आता हे लिहिताना त्या सेलचा आणि माझा सांधा जुळवणं फार सोपं आहे. तेव्हा मी काहीही जुळवलं नाही. मोंढ्याच्या बाजारापर्यंत रिक्षा केली, भाजी घेतली, घरी गेले. असा सांधा त्याच दिवशी जुळता तर माणसाचे किती दिवस वाचले असते! पुढे मी मिठाचं प्रमाण कमी केलं, द्रावक बदलला, सेल परत परत लावले. रेघ चढती निघाली, खडबडीत निघाली, पण अर्धगोल जागेवर होता आणि सेल साध्या सेलच्या दुपटीने टिकला. थिसिसमध्ये तीच रेघ गेली. सरांच्या निवृत्तीनंतर गेली, एवढंच.

पण त्या हंगामाचा शेवट तो नव्हता. संक्रांतीनंतर बागेचा ताण तोडायचा दिवस ठरला. पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं. आंबवणीचं पाणी म्हणतात त्याला. आणि आमच्या घरात ते पाणी लेकुरवाळ्या बाईच्या हातानेच सोडतात. आत्याबाईंच्या सासूपासून चालत आलेलं. पूर्वी मोटेचं पाणी दांडाला लावायचे, आता ठिबक आहे, तरी व्हॉल्व्हला हळदकुंकू लागतं आणि नारळ फुटतो. इतकी वर्षं आत्याबाई पाणी सोडत आल्या होत्या.

सकाळी आम्ही तिघंच होतो. उन्हाला अजून ऊब नव्हती. संतोषने नारळ फोडला, पाणी मातीवर ओतलं. आत्याबाईंनी व्हॉल्व्हला कुंकू लावलं, मला लावलं आणि बाजूला झाल्या.

"औंदा तू सोड."

मी व्हॉल्व्हपाशी गेले.

"सोड बाई. तुझ्या हातानं सुटू दे पाणी. बाग बी फुलंल, आन..." पुढचं त्यांनी नजरेनेच सांगितलं. चेहऱ्यावर इतकी माया होती, इतकी आशा होती, की कुणीही सोडलं असतं. मीही हात पुढे केला होता.

"नाही," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. संतोषने नारळाच्या वाट्या खाली ठेवल्या.

"काय झालं गं?"

"पहिलं पाणी लेकुरवाळीनं सोडायचं ना, आत्याबाई?"

"व्हय."

"मग मी कोण म्हणून सोडू? मी लेकुरवाळी आहे म्हणून सोडू, का व्हावी म्हणून सोडू? आधी ते सांगा."

"अगं, आता हे सकाळी सकाळी कशाला..." संतोष म्हणाला.

"तू गप," आत्याबाई म्हणाल्या. त्या हळूच बांधावर बसल्या. कुंकवाचं बोट तसंच वर धरलेलं.  

"हायस," त्या म्हणाल्या. "लेकुरवाळी हायस तू. म्या धुतली तिला. नर्सबाई न्हाई म्हणत व्हती, म्या म्हणलं, तशी न्हाई नेऊ द्यायची माझी नात. कोमट पाण्यानं धुतली. तू ईचारलंच न्हाई कवा. म्या रोज वाट पाहून राह्यली व्हती, आज ईचारंल, उंद्या ईचारंल. मंग वाटलं, बराबर हाय पोरगी, कशाला उकरावं."

"कशी होती?"

"केस लई व्हते. काळेभोर. हितवर आल्ते." त्यांनी स्वतःच्या कानाच्या पाळीखाली बोट नेलं आणि तिथे कुंकू लागलं. "नाक तुझं. बोटं संतूची, लांब लांब. झोपल्यावानी व्हती."

संतोष आमच्याकडे पाठ करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. मी मातीत खाली बसले. मला दुखायला लागलं. पोटात, दंडात, दातांच्या मुळाशी, माणसाला जिथे जिथे म्हणून दुखू शकतं तिथे सगळीकडे. मी आत्याबाईंचं लुगडं मुठीत धरलं.

"अजून सांगा," मी म्हणाले.